डावी बाजू

फ्रेमवाल्याच्या दुकानात लोक फोटो लावून घ्यायला जितके यायचे, जवळजवळ तितकेच कापून घ्यायलाही यायचे. तसं सरळ बोलायचे मात्र नाहीत. "एवढी बाजू जरा जास्तीची वाटतेय, नाही?" म्हणायचे आणि बोट ठेवायचे नेमकं जावयावर. नाहीतर भावावर. फ्रेमवाला कधी कारण विचारायचा नाही. पोलादी पट्टी ठेवली, पातं ओढलं, जावई कचऱ्याच्या डब्यात. एकदा एका बाईंनी दीर कापून नेला, पण दिराचा हात तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर होता, त्याची चार बोटं राहून गेली. वर्षानुवर्षं त्यांच्या बैठकीत ती बोटं त्या खांद्यावर बसून आहेत. फ्रेमवाल्याची बायको हे आठवलं की पोट धरून हसायची. "अहो, जन्मभर कापताय, पण एक तरी माणूस पुरता कापता आला का तुम्हाला?"

ती जाऊन आता त्रेचाळीस दिवस झाले होते. आणि तिच्या एकुलत्या एका मुलाला ते माहीत नव्हतं.

मुलगा सैन्यात होता. समुद्रापलीकडे, दुसऱ्यांच्या भांडणात शांतता राखायला गेलेल्या तुकडीत. घरात त्याला खिळ्या म्हणत. लहानपणी दुकानात बसून बापासारखे ओठांत खिळे धरायचा आणि जेवायला हाक मारली तरी सोडायचा नाही, म्हणून खिळ्या. आता सहा फुटांचा झाला होता, छातीवर पट्ट्या आल्या होत्या, तरी खिळ्याच.

तुकडी निघाली त्या दिवशी जवानांच्या घरच्यांच्या मंडळाने सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, जवानांसकट. त्या मंडळाची एक जुनी रीत होती. एकेका घराला स्टेजवर बोलवायचे आणि सगळ्यांसमोर एक फॉर्म भरून घ्यायचे. त्यात बाकी पत्ता-फोन वगैरे असायचं, पण शेवटचा रकाना महत्त्वाचा. "घरातील आजार, अपघात वा मृत्यू जवानास तैनातीच्या काळात कळवावा : होय / नाही." जो तो "नाही"वर खूण करायचा आणि माईकवरून तसं जाहीर झालं की टाळ्या पडायच्या. बत्तीस घरं, बत्तीस वेळा टाळ्या. एका म्हाताऱ्या आईचं पेन "होय"च्या जवळ जरा रेंगाळलं, तर खालून कोणीतरी खाकरलं. तिनेही मग "नाही"च केलं.

फ्रेमवाल्याची पाळी आली तेव्हा बायकोने त्याचं कोपर धरलं होतं. हळूच म्हणाली, "थांबा ना जरा. घरी नेऊन भरू या."

"लोक बघताहेत," तो म्हणाला, आणि झोकात सही ठोकली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी त्याची छाती किती फुगली होती, ते आठवलं की आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

तैनातीच्या पाचव्या महिन्यात बायकोचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. तिने एकच गोष्ट मागितली. "त्याला एकदा ये म्हणा. बाकी मला काही नको."

फ्रेमवाला अर्ज लिहून मंडळाच्या ऑफिसात गेला. अध्यक्षबाई तिथेच असत. नवरा मोठा अधिकारी होऊन निवृत्त झालेला, बाईंचं बोलणं गोड, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी कपाटातून फाईल काढली, फॉर्म पुढे सरकवला.

"दादा, ही सही तुमचीच ना?"

"माझीच. पण तेव्हा काय ठाऊक होतं—"

"कोणालाच ठाऊक नसतं. म्हणूनच आधी भरून घेतो." मग बाईंनी एका पोराची गोष्ट सांगितली. बहिणीच्या अपघाताची बातमी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी गस्तीवर गेला तो परत आलाच नाही. "डोक्यात घर घेऊन बाहेर पडलेला माणूस बेसावध असतो, दादा. वहिनींनी पोराला बघावं म्हणून पोरालाच गमवायचंय का तुम्हाला?"

फ्रेमवाला शेपूट घालून घरी आला.

दर दुसऱ्या रविवारी खिळ्याचा व्हिडिओ कॉल यायचा, दहा मिनिटांचा. कॉलच्या आधी बायकोला उठवून बसवायचं, पाठीला उशा द्यायच्या, तोंडाला पावडर लावायची. आणि मग फोन धरायचं काम फ्रेमवाल्याचं. तीस वर्षं हेच तर केलं होतं त्याने. औषधांचं टेबल बाहेर. सलाईनचा स्टँड बाहेर. ऑक्सिजनची नळी ती कॉलपुरती काढून ठेवायची, तीही उशीमागे. चौकटीत काय उरायचं, तर हसणारी आई आणि मागे स्वच्छ भिंत. कॉल संपला की ती अर्धा तास धापा टाकायची. एकदा धाप लागलेली असतानाच म्हणाली, "छान कापता हो तुम्ही."

ती गेल्यावर तीन कॉल येऊन गेले. पहिल्याला आई झोपली होती. दुसऱ्याला आईचा घसा बसला होता. तिसऱ्याला मावशीकडे गेली होती. खिळ्याही फार खोदून विचारायचा नाही. "बरं बरं, तिला सांगा मी मजेत आहे," म्हणायचा आणि घाईने ठेवायचा.

फ्रेमवाल्याची थोरली बहीण, अक्का, आजारपणापासून त्याच्याकडे येऊन राहिली होती. बाई तोंडाची फटकळ. तिसरा कॉल झाल्यावर तिने भाजी चिरायची सुरी ओट्यावर आपटली.

"मावशीकडे! मेलेल्या बाईला मावशीकडे धाडलंस? पुढच्या वेळी कुठे पाठवणार? सहलीला?"

"अक्का, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

"त्याच्या जिवाचा की तुझ्या सहीचा?"

तो उठून दुकानात निघून गेला.

एवढ्यात अध्यक्षबाई स्वतः दुकानात आल्या. मंडळाच्या सभागृहात एक अभिमान-भिंत करायची होती. बत्तीस जवानांचे फोटो, एका मापाच्या चौकटी. उद्घाटनाला तिकडच्या तळाशी थेट व्हिडिओ जोडणार होते, मोठ्या पडद्यावर. पाच घरांना पाच पोरांशी बोलता येणार होतं. "त्यात पहिलं नाव तुमचं, दादा," बाई म्हणाल्या. "इतकं मोठं दुःख गिळून तुम्ही ताठ उभे आहात. लोकांनी बघायला हवं."

त्याने बत्तीस चौकटी केल्या. काचा कापल्या, कोपरे जुळवले, स्वतःच्या हाताने भिंतीवर स्क्रू पिळले. बायकोचा फोटो मात्र पाकिटात घालून खणात पडून होता. तो अक्काने शेवटच्या कॉलच्या वेळी दारातून काढला होता. त्यात बायको उशांना टेकून फोनकडे बघून हसत होती, आणि फोनला जे दिसत नव्हतं ते सगळं फोटोत होतं : टेबल, बाटल्या, स्टँड, लोंबणारी नळी, आणि फोन धरलेला त्याचा स्वतःचा हात. कापून नुसता चेहरा घ्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण तो लावायचा कुठे? भिंतीवर लावला तर कॉलमध्ये दिसायचा.

कार्यक्रमाच्या सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मंत्री येणार होते ते आले नाहीत, पण त्यांची खुर्ची आली होती. अक्का पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली. अध्यक्षबाईंनी माईक घेतला.

"जोडणी व्हायला पाच मिनिटं आहेत, तोवर एक सांगते. आपले फ्रेमवाले दादा. गेल्याच महिन्यात यांच्या पत्नी गेल्या. पण यांनी मुलाला अवाक्षर कळू दिलं नाही. का? तर तो कर्तव्यावर आहे. याला म्हणतात अभिमान!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. फ्रेमवाल्याला वाटलं, हे लोक माझी बायको मेली म्हणून टाळ्या वाजवताहेत.

"आता एक विनंती," बाई म्हणाल्या. "जोडणी झाली की त्या विषयावर कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी हसतमुख राहायचं. दादा, तुम्ही म्हणा, वहिनींना जरा कणकण आहे."

पडदा उजळला. आणि खिळ्या आला. दोन माणसांच्या उंचीचा त्याचा चेहरा, कातडी रापलेली, गाल आत गेलेले. पाचशे माणसं हसतमुख झाली.

"बाबा! आवाज येतोय?"

"येतोय."

"केवढी गर्दी! दुकानाची जाहिरात करून घ्या. आई कुठाय?"

फ्रेमवाल्याने तोंड उघडलं. कणकण हा शब्द जिभेवर आला होता. पण त्याची नजर पडद्याच्या कडेला गेली आणि तिथेच अडकली. मोबाईलच्या एवढ्याशा चौकोनात जे इतके दिवस त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते आता पडद्यावर भलंमोठं होऊन समोर होतं. पोरगा चौकटीच्या मध्यावर नव्हता. त्याच्या उजव्या हाताला भिंतीची रिकामी जागा मैलभर सोडली होती, आणि डाव्या हाताला चित्र खांद्यालाच संपत होतं. जागा असताना कोणी असं बसत नाही. असं कापतात. तीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस. नुसत्या कडेवरून ओळखलं त्याने.

"खिळ्या," तो म्हणाला. "खुर्ची सरकव."

"काय?"

"तुझा डावा खांदा कापला जातोय. उजवीकडे सरक."

"इथे जागा नाहीये, बाबा."

"जागा आहे. मला भिंत दिसतेय. सरक."

"दादा, वेळ थोडा आहे," अध्यक्षबाई हसत हसत म्हणाल्या.

"बाई, तुम्ही गप्प बसा."

माईक त्याच्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहाने ऐकलं. हसतमुख माणसांची तोंडं तशीच राहिली, नुसतं हसू गेलं. पडद्यावर पोराने खाली बघितलं. मग खुर्ची करकरली आणि तो सरकला.

डाव्या हाताला कोपरापासून पुढे लोखंडी सळ्या बसवलेल्या होत्या. पुढे पंजा होता. पंजाला अंगठा होता आणि करंगळी होती. मधलं काही नव्हतं.

अक्का एकदम उठून उभी राहिली.

"कधी?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"झाले अकरा आठवडे. स्फोट झाला होता छोटासा. आता बरं आहे, खरंच. भांडारात बसवलंय, नोंदी करतो."

"अकरा आठवडे! आणि मला कोणी कळवलं नाही?"

"आमच्याकडूनही फॉर्म भरून घेतात, बाबा. घरी कळवायचं का, होय की नाही. सगळे 'नाही'वरच खूण करतात." तो ओशाळल्यासारखा हसला. "मला परत पाठवत होते तेव्हाच. मीच नको म्हटलं. म्हटलं, आईला हा असा हात दाखवायला कशाला जाऊ? जरा बरा होऊ दे, मग येतो. बाबा, आईला आत्ता काही बोलू नका हां. तिला मी समोर बसून सांगेन."

फ्रेमवाल्याने मनातल्या मनात दिवस मोजले. सत्त्याहत्तर वजा त्रेचाळीस. चौतीस. ती चौतीस दिवस जिवंत होती. पोराला विमानात बसवून घरी पाठवत होते, आणि ती चौतीस दिवस दाराकडे बघत जिवंत होती. शेवटच्या दोन कॉलना ती इकडे नळी उशीमागे दडवून हसत होती आणि तो तिकडे हात टेबलाखाली दडवून हसत होता. आणि मधे फोन धरून कोण उभं होतं?

"आई कुठाय, बाबा?" खिळ्याने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज वेगळा होता.

पाचशे माणसं बघत होती. फ्रेमवाला सरळ बाजूच्या टेबलाकडे गेला. तिथे लॅपटॉप होता आणि त्यापुढे एक माणूस बसला होता. "पडद्याची वायर कुठली?" त्या माणसाने अध्यक्षबाईंकडे बघितलं. फ्रेमवाल्याने वाट बघितली नाही, जाडशी दिसली ती वायर उपटली. मोठा पडदा निळा झाला. लॅपटॉपवर पोरगा तसाच होता. तो उचलून त्याने छातीशी धरला आणि स्टेजमागच्या खोलीकडे निघाला. अध्यक्षबाई आडव्या आल्या.

"दादा, मागे अजून चार घरं थांबली आहेत!"

"थांबू देत. माझी बायको थांबली होती."

स्टेजमागच्या खोलीत त्याने चौकटी भरून आणलेली रिकामी खोकी पडली होती. एकावर लॅपटॉप ठेवला, दुसऱ्यावर तो बसला. बसताना आपण पुरते दिसतो ना, गुडघ्यांपर्यंत, हे त्याने बघून घेतलं.

"खिळ्या, आई गेली."

पोरगा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"त्रेचाळीस दिवस झाले. त्याआधी चार महिने आजारी होती. तुला बोलवा म्हणत होती. मी बोलावलं नाही. फॉर्मवर सही मी केली होती. ती नको म्हणत होती, तरी मी केली. घसा बसला नव्हता तिचा. मावशीकडेही गेली नव्हती. सगळं मी रचलं."

मग खिळ्या म्हणाला, "मी येऊ शकलो असतो."

"हो."

"मला तिकीट देत होते, बाबा!"

"हो."

"तुम्ही... तुम्ही टाळ्यांसाठी केलंत हे. मला दिसत होतं तेव्हा स्टेजवर. तुम्ही खालच्या लोकांकडे बघत होता सही करताना."

फ्रेमवाल्याने मान खाली घातली नाही. जे खरं होतं ते चौकटीत राहू दिलं. "हो," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"तिचा फोटो दाखवा."

"लावलेला नाही अजून. खणात आहे."

"का?"

"कॉलमध्ये तुला दिसला असता."

पोराने उजव्या हाताने तोंड झाकून घेतलं. डावा हात तसाच मांडीवर पडून राहिला, सळ्यांसकट. "त्यातलं काही कापू नका," तो बोटांआडून म्हणाला. "ऐकताय? काही म्हणजे काही कापू नका." आणि जोडणी तुटली की त्याने तोडली, ते कळलं नाही.

फ्रेमवाला बाहेर आला तेव्हा अक्काने अध्यक्षबाईंना स्टेजच्या कोपऱ्यात गाठलं होतं. "विचार तिला," अक्का ओरडली. "विचार, हाताचं कोणाकोणाला माहीत होतं!"

"मंडळाला कळवतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण मान ताठ. "तिकडून पत्र येतं. ते मी फायलीला लावते. जवानाने 'नाही' म्हटलं असेल तर घरी सांगता येत नाही."

"आणि माझा अर्ज? बायको आजारी असल्याचा?"

"तोही फायलीतच आहे."

"त्याच फायलीत?"

"एका घराची फाईल एकच असते, दादा."

म्हणजे दोन्ही कागद एकमेकांना चिकटून होते. इकडे आई पोराला बोलावतेय, तिकडे पोराला घरी पाठवताहेत. मधे एक टाचणी. आणि त्या टाचणीवर बाईंनी हसतमुख सोहळा उभारला होता.

"मी माझे वडील गेले तेव्हाही नवऱ्याला कळवलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आठ महिने. कोणी मला विचारलं का, तुला कसं वाटतं?"

"मग तुम्हाला तर कळायला हवं होतं," फ्रेमवाला म्हणाला. त्याला बाईंची कीव आली असती, कदाचित दुसऱ्या एखाद्या दिवशी. आज नाही आली.

तो रविवार गेला. सोमवारी त्याने दुकान उघडलं, फोटो खणातून काढला आणि मोठा करून आणला. माउंटचा पुठ्ठा कापला तो फोटोच्या कडांबाहेरून. बाटल्या आल्या, स्टँड आला, नळी आली. कडेला फोन धरलेला हात आला, अंगठ्याच्या नखात रंग अडकलेला. अक्का शेजारी उभी राहून नाक पुसत होती. "तुझा हात तेवढा घाणेरडा आलाय," ती म्हणाली.

"असू दे. तोच यायला हवा."

मंगळवारी सकाळी तो स्क्रूड्रायव्हर घेऊन मंडळाच्या सभागृहात गेला. अभिमान-भिंतीवरून त्याने खिळ्याचा गणवेशातला फोटो उतरवला, पिशवीत घातला आणि त्या जागी बायकोचा टेकवला. आवाज ऐकून अध्यक्षबाई ऑफिसातून आल्या.

"दादा, हा फोटो इथे बसत नाही."

"बसतो. माप घेऊन केलाय."

बाई जवळ आल्या. फोटोकडे बघत राहिल्या. मग आवाज मऊ करून, बोट पुढे करून म्हणाल्या, "राहू द्या हवं तर. पण ही औषधांची बाजू... एवढी बाजू जरा जास्तीची वाटतेय, नाही?"

फ्रेमवाला त्यांच्याकडे वळला. तीस वर्षांत त्याने हे वाक्य हजार वेळा ऐकलं होतं आणि मुकाट्याने पट्टी उचलली होती.

"का?" त्याने विचारलं.

बाईंचं बोट तसंच हवेत राहिलं. त्याने पाठ फिरवली आणि शेवटचा स्क्रू पिळायला घेतला, भिंतीतून प्लास्टर गळायला लागेपर्यंत.